मदत हवी आहे: जुन्या पर्ल टूलचं नाव बदलावं का?

नमस्कार मंडळी,

आमची पुण्यात छोटी कंपनी आहे. पतसंस्थांच्या जुन्या सिस्टिममधून निघणाऱ्या टेक्स्ट फाईली वाचून ताळा जुळवणारं एक टूल आम्ही विकतो. सगळं पर्ल ५ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं. टूलच्या नावातही 'पर्ल' आहे. ठेवलं तेव्हा त्या शब्दाला वजन होतं. आता सेल्सवाले म्हणतात, नाव बदला, कुठेतरी 'एआय' घाला. (टूलमध्ये एआय औषधालाही नाही.) परवा डेमोत ग्राहकाच्या आयटीवाल्याने विचारलं, "पर्ल ५ म्हणजे १९९४ चं ना?" साल बरोबर आहे. पण आमच्याकडे चालतं ते ५.४०, म्हणजे २०२४ चं. हे सांगेपर्यंत साहेब मोबाईलमध्ये.

खुद्द पर्लवाल्यांचंच घोडं नाव-आकड्यावर अडलंय. २००० साली पर्ल ६ ची घोषणा झाली, अधिकृत आवृत्ती आली २०१५ च्या नाताळात, आणि ती निघाली वेगळीच भाषा. २०१९ मध्ये तिचं नाव राकू केलं. पण मधली एवढी वर्षं लोकांना वाटत राहिलं की सहा येतंय म्हणजे पाच मोडीत. २०२० मध्ये पर्ल ७ जाहीर झालं, त्यात डीफॉल्ट (काही न लिहिता आपोआप लागू होणारी सेटिंग्ज) बदलायचे होते. जुन्या स्क्रिप्ट अडतील म्हणून बरीच ओरड झाली आणि २०२२ मध्ये पर्लचे निर्णय घेणाऱ्या स्टिअरिंग कौन्सिलने सांगितलं, तूर्तास ७ नाही. आता फाईलच्या डोक्यावर 'यूज व्ही५.३६' लिहिलं की स्ट्रिक्ट (कडक तपासणी), वॉर्निंग्ज (चुकांचे इशारे), सिग्नेचर्स (फंक्शनला काय द्यायचं ते वरच लिहिण्याची सोय) चालू. काम तेच झालं, पण ते विकायला दाखवणार कसं?

माझा कल नाव बदलण्याकडे आहे, 'एआय' मात्र नको. कोणी असं केलंय का? जुने ग्राहक बिथरतात का?

टर्मिनलवाला: जावा या भाषेचं बघा. आवृत्ती १.२ ला 'जावा २' म्हणून विकलं, १.५ ला थेट 'जावा ५'. पण जावा ८ वर व्हर्जन विचारलं तरी उत्तर १.८ च यायचं. पाटी बाहेरची बदला, कमांडचं नाव, फोल्डर, कॉन्फिग तसंच राहू द्या. ग्राहकांच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडच्या यादीत) जुनं नाव किती ठिकाणी असेल, याचा अंदाज तुम्हालाही नसेल.

शून्यातून_एक: मी विरोधात. पीएलटी स्कीम या भाषेने २०१० मध्ये रॅकेट नाव घेतलं, कारण ती मूळच्या स्कीम भाषेपासून खरंच लांब गेली होती. तुमचं टूल तेच आहे. तो आयटीवाला उद्या सर्व्हरवर लॉगिन करेल, फाईलची पहिली ओळ वाचेल, तिथे 'पर्ल' दिसेल आणि म्हणेल, लपवलं का?

धागाकर्ता: लपवायचं नाहीच. माहितीपत्रकात 'पर्ल ५.४० वर चालते' असं सालासकट छापू. अडचण एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारांची आहे, त्यात जुनं नाव आहे.

टर्मिनलवाला: मग चालू करारांना हात लावू नका. नूतनीकरणाच्या वेळी नव्या नावापुढे 'पूर्वीचे नाव' म्हणून जुनं टाका, बिलावरही तसंच. आणि आधी सपोर्टच्या पोरांना सांगा, फोन त्यांनाच येणार आहेत.