मदत हवी आहे : सोसायटीत बिबट्या दिसला, पिंजऱ्याचा ठराव कसा थांबवू?

मंडळी, रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा आहे. हातात पाचच दिवस आहेत, म्हणून इथे विचारतेय.

आम्ही ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो. मागची भिंत संपली की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. गेल्या आठवड्यात पहाटे सव्वातीनला मागच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. भिंतीवरून उतरला, कचऱ्याच्या डब्यांपाशी थांबला, पार्किंगमध्ये एक फेरी मारली आणि आल्या वाटेने परत गेला. कुणाला ओरखडासुद्धा नाही. पण ती क्लिप ग्रुपवर पडली आणि दोन दिवसांत तीन ठराव तयार झाले. वनखात्याकडे पिंजऱ्याची मागणी करायची, मागच्या भिंतीवर रात्रभर फ्लडलाइट लावायचे आणि भिंतीतलं भगदाड बुजवायचं.

तिसऱ्या ठरावाला माझा विरोध नाही. त्या भगदाडातून आमच्यातले बरेच जण पहाटे जंगलात फिरायला जातात, दोन वर्षं मीही जात होते. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून बंद केलं. पण पावसाळ्यानंतरचा तो ओला वास, नाल्याकाठची करवी, माकडांची भांडणं यांची सवय लागलेल्या माणसांना नुसतं 'जाऊ नका' सांगून भागणार नाही. ज्यांनी जंगल कधी आतून पाहिलं नाही, तीच मंडळी आज पिंजरा मागण्यात सगळ्यात पुढे आहेत.

पिंजऱ्याचं मात्र मला मनापासून भय वाटतं. २००४ साली या उद्यानाच्या कडेने बिबट्यांच्या हल्ल्यांत किती माणसं गेली, हे जुन्या ठाणेकरांना आणि मुलुंडकरांना आठवत असेल. त्याआधीची काही वर्षं बाहेर पकडलेले बिबटे इथे आणून सोडले जात होते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातूनही हेच दिसलं की बिबट्याला उचलून परक्या मुलखात सोडलं की त्या मुलखात हल्ले वाढतात. आपल्या हद्दीतला बिबट्या वर्षानुवर्षं माणसं चुकवून जगत असतो. तो नेला की रिकाम्या जागेत दुसरा येतो, आणि त्याला आपल्या वाटा ठाऊक नसतात.

हे मी कमिटीत बोलले तर उत्तर मिळालं, "तुमची मुलं मोठी झालीत, तुम्हाला काय!" पहिल्या मजल्यावरच्या एका आईला दोन लहान मुली आहेत. ती रात्री झोपत नाही. तिची भीती खोटी नाही, आणि तिला आकडे ऐकवायचा मला धीर होत नाही.

तेव्हा विचारायचं ते असं. पिंजऱ्याऐवजी सभेपुढे नेमकं काय ठेवावं, जे या आईलाही पटेल? आमची इमारत उद्यानाभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये, म्हणजे बांधकामावर वगैरे निर्बंध असलेल्या पट्ट्यात, येते का, हे कुठे कळेल? आणि फिरायला जाणाऱ्यांसाठी रीतसर काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १

ताई, तुमच्या क्लिपमधली महत्त्वाची गोष्ट म्हणजे कचऱ्याचे डबे. उघडा कचरा असला की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मी मुलुंडला राहतो. आमच्याकडेही असंच झालं होतं. आम्ही डब्यांना घट्ट झाकणं लावली, ओला कचरा रात्री बाहेर ठेवणं बंद केलं, आवारात कुत्र्यांना खायला घालायची वेळ संध्याकाळवरून सकाळवर आणली आणि पालिकेकडे निर्बीजीकरणासाठी अर्ज केला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत कॅमेऱ्यात काही दिसलं नाही. बिबट्या गेला असं मी म्हणणार नाही. तो डोंगरावर असेलच, खाली यायचं कारण उरलं नाही.

त्या आईला तीनच गोष्टी सांगा. अंधार पडल्यावर मुलींना एकटं खाली सोडायचं नाही, मागच्या वाटेवरचं गवत कापून घ्यायचं, आणि बिबट्या दिसलाच तर गर्दी न करता त्याला निघायची वाट मोकळी ठेवून वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करायचा. आमच्याकडे आयांचा धीर या तीन गोष्टींनीच वाढला. फ्लडलाइटपेक्षा पार्किंगमधले बंद पडलेले दिवे आधी दुरुस्त करून घ्या. झोत जंगलावर टाकून काय साधणार?

प्रतिसाद २

पिंजऱ्याबद्दल कायद्याचं थोडं. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्याला पकडायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो, आणि तोही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच. नुसता दिसला म्हणून पिंजरा लागत नाही. सभेत हे एक वाक्य वाचून दाखवा, अर्धा वाद तिथेच मिटेल.

झोनची अधिसूचना डिसेंबर २०१६ ची आहे. मालमत्ता पत्रकावरचा सर्व्हे क्रमांक घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जा आणि उत्तर लेखी मागा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

फिरण्याबद्दल म्हणाल तर बोरिवलीच्या दारातून सकाळी फिरणाऱ्यांसाठी पास मिळतो, कान्हेरीला जाता येतं, शिलोंड्यासारख्या निसर्गवाटांवर परवानगी काढून जाता येतं. येऊरकडून काय शक्य आहे ते वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटून विचारा. आणि सभेला जमलंच तर वनखात्याचा कुणीतरी माणूस बोलवा. २०११ मध्ये उद्यानाने नागरिकांना सोबत घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे हेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम सुरू केला होता. सोसायट्यांमध्ये जाऊन लोकांशी बोलणं हाच त्याचा मोठा भाग होता, तेव्हा तुमची मागणी त्यांना नवी वाटणार नाही.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज त्या आईकडे जाऊन बसले. कचऱ्याचं ऐकल्यावर ती स्वतःच म्हणाली, झाकणांचे पैसे मी गोळा करते. सभेसाठी मी आता पर्यायी ठराव लिहिते आहे. त्यात झाकणं, गवत, दिवे, निर्बीजीकरणाचा अर्ज हे सगळं घेतलंय. भगदाड बुजवायचं, आणि त्याच दिवशी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्र द्यायचं की रहिवाशांना महिन्यातून एकदा वनरक्षकासोबत आत न्या.

आमच्याकडे पाड्यावरून एक वारली आजी शेवळं, कर्टुली अशा रानभाज्या घेऊन येतात. क्लिप दाखवली तर म्हणाल्या, "वाघोबा हाय तो. त्याच्या वाटंला घर तुम्ही बांधलं." त्यांनाही सभेला बोलवायचा विचार आहे. अजून एक अडलंय. ज्यांनी अशा सहली वनखात्याकडून मंजूर करून घेतल्या असतील, त्यांनी पत्रात किती माणसं, कोणती वेळ, काय अटी लिहिल्या ते इथे सांगाल का? पत्र शुक्रवारी द्यायचंय.