नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे – सवय लागते का? (मदत हवी आहे)

खडूवाली

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

गेली सहा-सात वर्षं मला सकाळच्या शिंका आहेत. एकदोन नाही, मी मोजल्यात, १४ ते २० सलग, डोळे धड उघडायच्या आत सुरू होतात आणि मग नाक असं गळतं की एका हातात चहाचं गाळणं नि दुसऱ्या हातात रुमाल. दुपारी बरं असतं. रात्री आडवं झालं की ज्या कुशीवर झोपू त्या बाजूची नाकपुडी गच्च, कूस बदलली की दुसरी. कराडजवळच्या एका गावात शाळेत शिकवते, त्यामुळे खडू आहेच, शिवाय पाऊस सरता सरता मैदानाच्या कडेला कंबरेएवढं काँग्रेस गवत माजतं. मागच्या महिन्यात श्रमदानात मुलांबरोबर मीही पदर खोचून उपटायला गेले आणि तासाभरात डोळे असे सुजले की सर म्हणाले बाई तुम्ही घरी जा, मुलं घाबरतायत.

शेवटी हे मला जबरदस्तीने कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी बॅटरीने आत बघितलं, ॲलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणाले, म्हणजे ॲलर्जीने नाकाचं अस्तर सुजणं, फ्लुटिकासोनचा स्प्रे दिला, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन फवारे दिवसातून एकदा, तीन महिने, आणि दहा दिवस रात्री लिव्होसेट्रिझिनची, म्हणजे ॲलर्जीची गोळी. बाहेर पंचवीस पेशंट बसलेले, आमचा नंबर तीन मिनिटांत उरकला. घरी येऊन आतला कागद वाचला तर स्टिरॉइड! माझी आजी दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घ्यायची, तिचा चेहरा पुरीसारखा टम्म झालेला, कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ, नुसतं कशाला घासलं तरी काळंनिळं. ते डोळ्यासमोरून जात नाही हो. सासूबाई म्हणतात एकदा सवय लागली की जन्मभर नाकाला नळी.

त्यामुळे माझं असं चाललंय की चार दिवस मारते, जरा बरं वाटलं की तीन दिवस बंद, पुन्हा शिंका, पुन्हा सुरू. त्यात परवा रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला म्हणून आता पूर्ण बंद केलाय. याची सवय लागते का, रक्त आलं म्हणजे आत काही फाटलंय का, आणि तीन महिने खरंच घ्यायचा का? कुणी वापरला असेल तर प्लीज सांगा. पुन्हा त्यांच्याकडे जाऊन हेच विचारायची लाज वाटते.

आडवाटेने

ताई, अगदी माझीच कथा, फक्त मी पुण्यात आणि माझा शत्रू गादीतली धूळ. मी दोन सीझन वापरलाय, मग गरज पडेनाशी झाली तसा डॉक्टरांनीच बंद केला, नळीबिळी काही लागली नाही. पण एक विचारू, स्प्रे मारता कसा? मी पहिले दोन महिने चुकीचाच मारत होतो.

चिंचगुळ

माझं स्पष्ट मत, बंद केलात ते बेस्ट केलंत. स्टिरॉइड ते स्टिरॉइडच, नाकातून काय नि तोंडातून काय. जलनेती करा, सकाळी सुंठ-गूळ घ्या. माझ्या मेहुण्याचं त्यानेच थांबलं.

गोळीवाला

माझं मेडिकल आहे, २२ वर्षं काउंटरवर उभा आहे, म्हणून चिंचगुळ यांना हात जोडून विरोध करतो. तुमच्या स्प्रेत एका फवाऱ्यात साधारण ५० मायक्रोग्रॅम औषध असतं. दोन-दोन फवारे म्हणजे दिवसाला २००, म्हणजे ०.२ मिलिग्रॅम. आजींच्या गोळीत ५, १०, २० मिलिग्रॅम असं असायचं. आता मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावून तुलना बरोबर नाही हे मला कळतं, फ्लुटिकासोन मुळात जास्त जहाल असतं. पण मुद्दा वेगळाच आहे, गोळी पोटातून रक्तात जाते आणि अंगभर फिरते, हा नाकाच्या अस्तरावर बसून तिथंच काम करतो. घशातून थोडा पोटात जातो तोही लिव्हर बहुतेक सगळा निकामी करतं, रक्तात पोचतो तो दोन टक्क्यांहूनही कमी. त्याने चेहरा पुरी होत नाही. फक्त काही औषधं लिव्हरचं ते काम अडवतात, एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिर त्यातलं ठळक, म्हणून आधीची कुठलीही औषधं चालू असतील तर डॉक्टरला सांगायची.

आणि चार दिवस घे तीन दिवस सोड हे म्हणजे रोपाला एक दिवस पाणी नि आठवडाभर ऊन. हा शिंक आली की मारायचा स्प्रे नाही. पूर्ण गुण यायला रोज घेऊन एक-दोन आठवडे जातात. तुम्ही तिथवर पोचलाच नाहीत कधी.

खडूवाली

@आडवाटेने, आता सांगायला पण ओशाळवाणं वाटतंय. मान मागे टाकते, छताकडे बघते, उजव्याच हाताने दोन्ही नाकपुड्यांत सरळ वर धरून मारते आणि मग जोरात ओढून घेते, वाया जायला नको म्हणून. घशात गुलाबाच्या अत्तरासारखी चव येते. बरोबर ना?

आडवाटेने

नाही 😄 घशात चव आली म्हणजे औषध घशाला लावलंत. नाक तसंच कोरडं राहिलं.

कानसेन

धागा उशिरा बघितला. मी ह्याच विषयातला आहे, पण इथून तपासणी होत नाही तेव्हा हे जनरल समजा.

आधी नाक हळू शिंकरून मोकळं करा. बाटली हलवा, कारण औषध तळाला बसतं. नवी बाटली असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर बारीक धुकं येईपर्यंत हवेत दाबा. मान मागे नाही, किंचित पुढे, वही तपासताना असते ना तशी. आता मुख्य गोष्ट, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने. असं केलं की टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने वळतं. नाकाच्या मधल्या पडद्यावर फवारायचं नाही. तुम्ही एकाच हाताने मारता, त्यामुळे एका बाजूला दर वेळी फवारा थेट पडद्यावर बसतो, तो कोरडा पडतो, खपली धरते, शिंकरलं की ठिपका. रक्त उजव्या बाजूचं होतं ना? मग फवारताना वास घेतल्यासारखा हलका श्वास, ओढायचं नाही, आणि श्वास तोंडाने सोडायचा. टोक पुसून टोपण लावायचं.

असा एखादा ठिपका ह्या स्प्रेत बऱ्याच जणांना दिसतो. पण रक्त वारंवार येत असेल, धार लागत असेल, किंवा एकच बाजू कायम बंद आणि तिकडूनच रक्त असं असेल तर लाज बाजूला ठेवून दाखवायचं.

आता माझा एक प्रश्न. रात्री नाक गच्च होतं तेव्हा तुम्ही नेमकं काय करता?

खडूवाली

बाई गं, हो, उजवीकडचंच होतं. तुम्हाला कसं कळलं?

रात्री काही नाही, नाक उघडायचे साधे थेंब टाकते, झायलोमेटाझोलिन लिहिलंय बाटलीवर. दोन मिनिटांत लख्ख मोकळं. एक बाटली उशीखाली, एक पर्समध्ये. दोन वर्षं तरी झाली असतील. आधी रात्री एकदाच लागायचे, हल्ली पहाटे पण लागतात, कधी मधल्या सुट्टीत. पण ते स्टिरॉइड नाहीये, त्याचं काही नाही ना?

कानसेन

सापडलं.

ताई, सवय लागते का म्हणून तुम्ही धागा काढलात ना? सवय लागलेलीच आहे, फक्त दुसऱ्या बाटलीची. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून दोन मिनिटांत लख्ख. पण असर उतरला की त्या पुन्हा फुगतात, आणि रोज वापरत राहिलं तर आधीपेक्षा जास्त. मग पुन्हा थेंब. म्हणूनच आधी एकदा पुरायचे ते आता मधल्या सुट्टीत लागतात. सर्दीत तीन दिवस, फार तर पाच, एवढंच ह्या थेंबांचं काम. रात्रीचं जे गच्च होणं तुम्ही ॲलर्जीच्या खात्यावर मांडताय त्यातला बराच हिस्सा ह्या थेंबांचा असणार. स्टिरॉइडचा स्प्रे असं करत नाही, बंद केला तर नाक उलटून फुगत नाही, फक्त मूळची ॲलर्जी होती तशी परत दिसते. तुम्हाला तीच सवयीसारखी वाटली.

तुमच्या डॉक्टरांना थेंबांचं सांगितलं होतं?

खडूवाली

त्यांनी कुठलं औषध चालू आहे का विचारलं होतं. मी नाही म्हणाले. थेंब म्हणजे औषध असं डोक्यातच आलं नाही हो. उशीखाली बाम असतो तसे ते.

गोळीवाला

खरं सांगू का, ह्यात आमचाही हात आहे. थेंब मागायला येतो त्याला आम्ही क्वचितच विचारतो की मागच्या आठवड्यातच नेली होतीत ना बाटली. एक गिऱ्हाईक आहे माझं, गावाला जाताना चार बाटल्या नेतं, म्हणे तिकडे मिळाली नाही तर. आणि तोच माणूस माझ्याकडे येऊन स्प्रेची चिठ्ठी दाखवून म्हणतो, मालक यात स्टिरॉइड आहे, बिनस्टिरॉइडचं द्या.

सॅनहोजेकर

इथे अमेरिकेत फ्लुटिकासोनचा स्प्रे २०१५ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो, किराणा घ्यायला जातो त्या दुकानातल्या फळीवर असतो. इकडे झाडांच्या परागांचा सीझन आला की अर्धं ऑफिस मारतं. मी नारळाच्या आणि सुपारीच्या गावातला, तिकडे कधी शिंकलो नव्हतो, इथे येऊन तिसऱ्या वसंतात सुरू झालं. सीझनच्या दोन आठवडे आधीपासून घेतला तर फार फरक पडतो हा स्वानुभव. चिठ्ठीशिवाय मिळतो म्हणजे वाट्टेल तसा मारा असं नाही, लहान मुलांच्या बाटलीवर उंचीच्या वाढीबद्दल सूचना असते, डॉक्टरशी बोला म्हणून.

चिंचगुळ

बरं बाबा, थेंबांचं मलाही माहीत नव्हतं. पण जलनेतीला तरी नावं ठेवू नका.

कानसेन

नावं ठेवतच नाही, उलट मिठाच्या पाण्याने नाक धुवून मग स्प्रे मारला तर औषध शेंबडावर न बसता अस्तरावर बसतं. फक्त पाणी उकळून थंड केलेलंच घ्या, थेट नळाचं किंवा विहिरीचं नाही. अशा पाण्यात क्वचित एक अमीबा असतो, तो पिण्यातून काही करत नाही पण नाकातून मेंदूत गेला तर जीव घेतो. भांडंही रोज धुवून वाळवा.

आणि ताई, खडूची पूड नाकाला टोचते, चुरचुरवते, पण खरी ॲलर्जी बहुधा तिची नसते. काँग्रेस गवताची असू शकते, पुण्यात हे गवत १९५० च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज आपल्याकडे बांध सोडा, एस्टी स्टँड पण सुटलेला नाही. हाताने उपटायला तुम्ही जाऊ नका, आणि मुलांनाही हातमोजे-मास्कशिवाय लावू नका, अंगावर खाज उठते ती वेगळीच.

खडूवाली

(१९ दिवसांनी)

अपडेट द्यायचं राहिलं होतं, सहामाही परीक्षेचे पेपर तपासत होते, मान पुढे घालून 😄

डॉक्टरांकडे परत गेले. थेंबांचं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, पण ओरडले नाहीत, उलट ह्या वेळी दहा मिनिटं दिली. स्प्रे रोज चालू ठेवायचा आणि थेंब आधी एकाच नाकपुडीत बंद करायचे, ती सुटली की दुसरी. डावी आधी सोडली. पहिल्या तीन रात्री काय सांगू, डावीकडे सिमेंट भरल्यासारखं, दोनदा उठून बसले, एकदा तर उशीखाली हात गेलाच होता. ह्यांनी बाटली आधीच उचलून ठेवली होती, त्यावरून रात्री दोन वाजता आमचं भांडण झालं. पाचव्या-सहाव्या दिवशी ती बाजू जरा बोलायला लागली. मग उजवी. आता आठ दिवस थेंबांशिवाय आहे. सकाळच्या शिंका चार-पाचवर आल्यात, एखाद्या दिवशी नसतात पण. रक्त पुन्हा दिसलं नाही. हात उलटसुलट करायची सवय लागायला मात्र चार दिवस गेले, आरशासमोर उभी राहून शिकले, मुलगी हसून लोळली.

माझ्या आईला काचबिंदू आहे, ते मी ह्या वेळी न विचारताच सांगून टाकलं. त्यावर ते म्हणाले, स्प्रे बरेच महिने चालला तर मध्ये एकदा डोळ्यांचं प्रेशर बघून घेऊ. सासूबाई अजून बाटलीकडे संशयाने बघतात, पण काल त्यांनीच विचारलं, माझ्या नाकाला चालेल का गं.

आता शेवटचा प्रश्न. दिवाळीनंतर त्वचेवरची ॲलर्जी टेस्ट करायची ठरलीय, टोचून बघतात ती. तिच्या आधी सगळं बंद करावं लागतं का? स्प्रे पण? परत रात्री दोनचं भांडण नको.

कानसेन

स्प्रे चालू ठेवला तरी टेस्टवर परिणाम होत नाही. लिव्होसेट्रिझिनसारखी गोळी घेत असाल तर ती आधी बंद करावी लागते, साधारण पाच ते सात दिवस, नेमके दिवस तिथेच विचारा. सर्दी-खोकल्याची तयार औषधंही सांगा, त्यांत बऱ्याचदा तसलीच गोळी दडलेली असते.

खडूवाली

सगळं सांगते, बाम पण सांगते. त्या आठवड्यापुरते रुमाल जास्तीचे धुवून ठेवते.