हार्ड डिस्क उघडेना, तेव्हा तुम्ही काय केलंत?

पौडवाली
काल शेजारचा मुलगा त्याची एक्स्टर्नल डिस्क घेऊन आला. दिवा लागतो, पण विंडोज म्हणतं आधी फॉरमॅट करा. त्याचं तोंड एवढंसं झालेलं बघून मला आईच आठवली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिने रेकॉर्ड केल्या होत्या, सगळ्या एकाच डिस्कवर, आणि आजी गेल्यावरच्या दिवाळीत ती डिस्क उघडेना.

ओळखीच्या एका काकांनी तेव्हा सांगितलेलं मी आजही सगळ्यांना सांगते. फॉरमॅटला 'नाही' म्हणायचं. विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्कही नको, दुरुस्तीच्या नावाखाली ते डिस्कवर लिहितं. काकांनी पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम) सुरू करून डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने आख्ख्या डिस्कची प्रत दुसरीवर काढली. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. रात्रभर चाललं. मग फाइली परत मिळवून देणारं टेस्टडिस्क चालवलं तेही त्या प्रतीवरच, मूळ डिस्कला हात नाही. ओव्या आल्या, जवळजवळ सगळ्या. आई हेडफोन काढायलाच तयार नव्हती.

तुमचे अनुभव लिहा, त्या मुलाला वाचायला देणार आहे.

कर्वेनगर
आधी केबल बदलून बघा!! आणि यूएसबी हबला नको, थेट कॉम्प्युटरला. माझी तेवढ्यावर चालू झाली. कुकरची शिट्टी होतेय, नंतर लिहिते.

शनिवारातला
आमच्याकडे फोटोरेक हे फाइली शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. मुलाच्या मुंजीचे फोटो आले, पण फाइलींची नावं गेली, फोल्डर गेले. बायको आणि मी अजून लावतोय. मातृभोजनाच्या फोटोत मागे उभे असलेले काका कुणाकडचे, यावर दोन्ही घरांत चर्चा सुरू आहे 😄

रात्रपाळी
टकटक आवाज येतोय का हे आधी विचारा त्याला. येत असेल तर वरचं काहीही करू नका. हेड (डिस्क वाचणारा भाग) गेलेलं असतं, प्रत्येक वेळी चालू केली की आतल्या तबकडीवर ओरखडे पडण्याची भीती. बंद करा आणि क्लीनरूम (धूळ नसलेली खोली) असलेल्यांकडेच द्या. घरी उघडायची नाही. आणि फ्रीझरमध्ये ठेवा म्हणणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका, आत दव धरतं.

मॅकवाली
एक्सफॅट (विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालणारा फॉरमॅट) असलेली डिस्क इजेक्ट न करता ओढली असेल तर मॅकवर पुढच्या वेळी ती दिसतच नाही. मागच्या मागे तपासणी चालू असते. डिस्क मोठी असेल तर बराच वेळ लागतो. घाबरून परत ओढू नका, थांबा.

अरण्येश्वर
25 सप्टेंबर 2019. आंबिल ओढ्याचं पाणी घरात. त्या रात्रीबद्दल लिहवत नाही. डिस्क गाळात सापडली. भाऊ वाळवून लावून बघणार होता, मावसभावाने फोनवरूनच अडवलं. तशीच ओली पिशवीत बंद करून दिली, कारण गाळ आत वाळला की चिकटून बसतो. बाबांचे बरेच फोटो आले.

पौडवाली
@अरण्येश्वर, वाचून गलबललं. बाबांचे फोटो आले हे फार बरं झालं.
@रात्रपाळी दादा, आवाज नाहीये. केबल बदलून पाहिली, तेच. प्रत काढायला लावलीय.

रात्रपाळी
छान. केसमधून काढायची घाई नको. काहींत यूएसबी थेट बोर्डावरच असतं, काहींत बोर्डच एन्क्रिप्शन करतो, म्हणजे माहिती कुलूपबंद ठेवतो, मग नुसती डिस्क दुसरीकडे लावून उपयोग नाही.

मावळकन्या
ताई, ओव्या पौडकडच्याच का? हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात. 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात, मुळशीतल्या बायकांच्याही आहेत.

पौडवाली
हो, पौडच्याच! आईला आत्ता दाखवते.

मावळकन्या
आमच्या आत्याच्या अजून रेकॉर्डच केलेल्या नाहीत. रविवारी जातेच.

नवीन इथे
मधेच विचारते, माझ्या डिस्कला ती रुंद चपटी पिन आहे. दुकानात काय म्हणून मागू?

कर्वेनगर
मायक्रो बी. तापकीर गल्लीत नुसतं 'हार्ड डिस्कची केबल' म्हटलं तरी काढून देतात. आखूड घे.