शब्दचर्चा : जंप ब्लूजमधला ‘लिक’ म्हणजे तान, हरकत की जागा?

मूळ प्रश्न

मंडळी, अडचण शब्दांची आहे, पण ती थेट बोटांपर्यंत पोचली आहे म्हणून इथे विचारते.

गेले चार महिने मी गिटार शिकते आहे. लहानपणी गाणं शिकले, प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या, त्यामुळे सूर मला सरगमीतच ऐकू येतात आणि ताल मात्रांत. आता सरांनी जंप ब्लूजचा पहिला सोलो बसवायला दिला आहे. बारा बारचा, एकच कोरस. सर मराठीच बोलतात, पण प्रत्येक वाक्यात एखादा शब्द अडतो. ‘हा लिक इथे नको.’ ‘मागे रिफ चालू आहे, जरा थांब.’ ‘बेंड एवढा नको.’ ‘टर्नअराउंडला उशीर झाला.’

मी वहीत मराठीतून लिहून ठेवते, तसं केलं की डोक्यात राहतं. लिकसमोर आधी ‘तान’ लिहिलं, मग ते खोडून ‘हरकत’. दोन्ही पटत नाहीत. ‘जंप’समोर ‘उडी’ लिहिलं तर काहीच डोळ्यांसमोर येत नाही. आणि कोरस म्हटलं की मला तर मागे उभ्या राहून गाणाऱ्या चार मुली दिसतात! तुम्ही हे शब्द कसे समजून घेता?

प्रतिसाद

ताई, जंपपासून सुरुवात करतो, कारण त्याला आपल्याकडे शब्द तयारच आहे. आपण ‘उडत्या चालीचं गाणं’ म्हणतो ना, तोच हा उडता. जंप ब्लूज म्हणजे उडत्या चालीचा ब्लूज. अमेरिकेतल्या नाचाच्या बँडमध्ये हा शब्द लयीच्या उसळीसाठी आधीपासून होता. काउंट बेसी या बँडचालकाच्या १९३७ सालच्या गाजलेल्या धुनेच्या नावातच ‘जंप’ आहे. पुढे महायुद्धाच्या काळात पंधरा-सोळा वादकांचे ताफे पोसणं जड जाऊ लागलं आणि पाच-सात जणांचे छोटे ताफे पुढे आले. एखाद-दोन सॅक्सोफोन, ट्रंपेट, पियानो, बास, ड्रम्स, कधी गिटार. आर्कान्सासच्या लुई जॉर्डनचा टिंपनी फाइव्ह त्यातला सगळ्यात गाजलेला. ब्लूज या नावात उदासी आहे खरी, पण इथे त्यातली बारा बारची बांधणी तेवढी घेतलेली असते, मूड खुशीचा.

आपल्या कानाला हे अगदी परकं नाही. अण्णा चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, पन्नास सालच्या आसपासच्या उडत्या चाली आठवा. त्यांच्या वाद्यमेळामागे चिक चॉकलेट हे गोव्याचे ट्रंपेटवादक होते. १९५१च्या ‘अलबेला’त ते आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात.

कोरसचं सोपं आहे: आवर्तन. बारा बार, प्रत्येक बारात चार मात्रा, असं ४८ मात्रांचं एक आवर्तन. ‘दोन कोरस घे’ म्हणजे दोन आवर्तनं वाजव. तुम्हाला एकच दिलंय, बरोबर केलंय सरांनी.

आता लिक. तान नको. तान सलग धावते, बहुतेकदा लांब असते आणि तिची ओढ समेकडे असते. लिक चार-सहा सुरांचा, बोलल्यासारखा, आणि बोलून झालं की गप्प बसणारा. हरकत जवळची आहे, पण हरकत म्हणजे सुराभोवतीची नक्षी. ती काढून घेतली तरी गाण्याची ओळ शिल्लक राहते. सोलोतला लिक काढला तर मागे काहीच राहत नाही, कारण तोच ओळ आहे.

मी बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. आमच्यात सोलोला ‘पीस’ म्हणत आणि त्यातल्या अशा तुकड्याला ‘जागा’. ‘ती जागा पुन्हा वाजव बघू.’ ‘ही जागा कुठून उचललीस?’ नाट्यसंगीतातून आलेला शब्द आहे हा. बालगंधर्वांनी अमुक ओळीवर घेतलेली जागा, असं अजूनही लोक सांगतात. मला लिकसाठी हाच शब्द सगळ्यात खरा वाटतो, आणि त्याचं कारण त्या शब्दातच आहे. जागा म्हटलं की ती कुठे घ्यायची हा प्रश्न आपोआप उभा राहतो. लिक म्हटलं की तो उभा राहत नाही. शिकणारी मुलं व्हिडिओवरून पन्नास लिक गोळा करतात आणि आवर्तनात कुठेही टाकतात. सूर बरोबर असतात, पण ऐकणारा हलत नाही.

गिटार हातात घ्या. इंग्रजी ‘ए’ (A) हा सूर सा धरा. तिसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर तर्जनी ठेवून छेडा आणि लगेच मधलं बोट सहाव्या पडद्यावर आपटा. हा कोमल गवरून शुद्ध ग. मग दुसऱ्या तारेचा पाचवा पडदा, प. तिथेच सातवा, ध. मग पहिल्या तारेचा पाचवा, वरचा सा. ग कोमल, ग शुद्ध, प, ध, सां. म्हणजे आपला भूपच, फक्त गंधारात शिरताना कोमलाच्या दारातून आत आल्यासारखा. पहिल्या बारात हे वाजवा, लगेच हसू येतं.

आता हेच जसंच्या तसं पाचव्या बारात वाजवा. तिथे मागची संगत बदललेली असते, आधार ‘सा’वरून ‘म’वर गेलेला असतो, आणि त्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांत, कोमल ग आहे. तुमचा शुद्ध ग त्याला टोचतो. म्हणून पाचव्या बारात शुद्ध गपर्यंत जायचंच नाही. वरून सां, ध, प असं उतरून कोमल गवर थांबायचं. सूर जवळपास तेच, पण जागा दुसरी. सरांचं ‘हा लिक इथे नको’ बहुधा हेच असेल.

आणखी एक उदाहरण देतो. १९४६ साली लुई जॉर्डनच्या ‘एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन’ या गाण्याच्या सुरुवातीला त्याचा गिटारवादक कार्ल होगन याने एकट्याने एक जागा घेतली. १९५८ साली रॉक अँड रोलवाल्या चक बेरीने आपल्या सगळ्यात प्रसिद्ध गाण्याची, ‘जॉनी बी. गुड’ची, सुरुवात जवळजवळ सूर न् सूर तीच घेऊन केली. त्याने नुसता तुकडा उचलला नाही, ठिकाणही तेच ठेवलं, अगदी गाण्याच्या दारातच. दोन्ही एकापाठोपाठ ऐका.

प्रतिसाद

वरच्या दादांशी ‘जागे’बद्दल सहमत, तरी एक शंका मांडते. जागा ही त्या गाण्याची, त्या शब्दाची असते. ती उचलून दुसरीकडे नेली की आमचे गुरुजी म्हणायचे, ‘आता ती जागा राहिली नाही, नुसता तुकडा झाला.’ लिक तर मुळात नेता येण्यासाठीच असतो. त्यामुळे वहीत दोन शब्द ठेवावेत असं मी सुचवेन: पाठ करताना तुकडा, वाजवताना जागा.

मी सतार वाजवते म्हणून बेंडबद्दल लिहिते. पुष्कळ जण बेंड म्हणजे मींड असं सांगून मोकळे होतात. क्रिया तीच आहे, तार पडद्यावर आडवी ओढायची. पण मिंडीत एका सुरावरून दुसऱ्यापर्यंतचा सगळा प्रवास ऐकवायचा असतो. जंप ब्लूजच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत मला तसं ऐकू येत नाही. गिटारवादक टी-बोन वॉकर ऐका, १९४७ सालचा. तार जेमतेम ढकलल्यासारखी करतो आणि सोडतो. तेव्हाच्या गिटारींना तारा जाड असत, तिसरी तारसुद्धा वेढ्यांची, फार ओढणं शक्यही नव्हतं. तो सूर कोमल गंधारही नसतो आणि शुद्धही नसतो. आमच्या भाषेत ‘चढा कोमल गंधार’. ब्लू नोट म्हणतात त्याला यापेक्षा नेमका शब्द मला माहीत नाही. वहीत ‘मींड’ लिहिलंत तर हात जास्त ओढेल. ‘कोमल ग चढा’ असं लिहून बघा.

वर तर्जनी ठेवून मधलं बोट आपटायला सांगितलं आहे, त्यालाही सतारीत शब्द आहे. बोटं आपटून-ओढून नुसत्या डाव्या हाताने सूर काढणं म्हणजे कृंतन, आणि दोन सुरांत ते भराभर केलं की जमजमा. गिटारवाल्यांच्या तोंडी मात्र हॅमर-ऑनच बसला आहे, त्याला धक्का लावायचं कारण नाही.

आणि रिफ! सोलोच्या मागे सॅक्सोफोन-ट्रंपेट एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, ती ऐकली की मला तबल्याच्या एकल वादनामागचा लेहरा आठवतो. लेहरा थांबत नाही, बदलत नाही, आणि तबलजी त्यावर टेकून काय वाटेल ते करतो. तुमचे सर ‘रिफ चालू आहे, थांब’ म्हणतात ते यासाठीच असणार. लेहऱ्याला ऐकू येऊ द्यायचं.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कालच बसले. पाचव्या बारात शुद्ध गवर न जाता कोमलवर थांबले आणि इतके दिवस तिथे जे काहीतरी बोचत होतं ते गेलं. सात-आठ वेळा वाजवलं, मुद्दाम चुकीचंही वाजवून पाहिलं, म्हणजे फरक कानात राहील.

‘तुकडा’ आणि ‘जागा’ हे दोन रकाने केले आहेत. तुकड्यांत तीन आहेत, जागांत सध्या दोनच.

दोन शब्द उरले. टर्नअराउंडसमोर मी ‘तिहाई’ लिहिलं, चालेल का? आणि स्विंग. सर म्हणतात, सूर बरोबर आहेत पण स्विंग होत नाहीये.

प्रतिसाद

तिहाई नको, ताई. तिहाईत तीनदा म्हणायचं असतं, इथे तसं काही नाही. शेवटच्या दोन बारांत संगत अशी फिरते की पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा ओढून घेते. समेकडे नेणाऱ्या बोलांना तबलजी आमद म्हणतात, ते जास्त जवळचं. तुमचं एकच आवर्तन आहे, तेव्हा त्या दोन बारांत कमी वाजवा आणि साच्या आसपास राहा.

स्विंगला आमचे तबलावाले ‘झोल’ म्हणायचे. ‘ठेक्यात झोल दे.’ बोलीत झोल म्हणजे घोळ, पण कापडाला पडतो तो झोल, झोक्याला असतो तो झोल, तो अर्थ इथे धरायचा. एका मात्रेत दोन सूर असले तर ते सारखे वाजवायचे नाहीत. मात्रेचे तीन भाग कल्पा. पहिल्या सुराला दोन, दुसऱ्याला एक. डाऽडि डाऽडि डाऽडि डाऽडि. अशा ठेक्याला शफल म्हणतात, त्या शब्दाचा मूळ अर्थ पाय घासत चालणं. एक पाय रेंगाळतो, दुसरा पटकन येतो. लय फार वाढली की हे प्रमाण आपोआप सारखं होत जातं, म्हणून शिकताना सावकाश ठेका धरा.

एक करून बघा. गिटार बाजूला ठेवा आणि तो सोलो तोंडाने म्हणा, सरगमीतच. तुम्ही गाणं शिकलेल्या आहात, तुमच्या गळ्यात झोल असणारच. टाळी मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या, पहिल्यावर नाही. आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय, त्यामुळे सुरुवातीला चार-पाच आवर्तनं हात चुकतील. ते बसलं की मग गिटार घ्या.

पाचव्या बाराचं जमलं हे वाचून फार बरं वाटलं. नवव्या बारात संगत ‘प’वर जाते, तिथे ‘रे’वर थांबणारी एखादी जागा शोधा आणि इथे लिहा.