पब्लिक नव्हतं की येऊ दिलं नाही?

तुम्ही लिहिलंय की बायकांच्या मॅचेसना पब्लिकच नसतं म्हणून त्यांना पैसा कमी, यात भेदभाव कसला, साधा बाजाराचा हिशोब. आजच्या आकड्यांपुरतं ठीक आहे हो, पण पब्लिक का नाही हे बघायला जरा मागे जावं लागतं.

फुटबॉलचंच घ्या. पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले तेव्हा इंग्लंडमधे कारखान्यात कामाला लागलेल्या मुलींनी फुटबॉलच्या टीम्स काढल्या, त्यातली प्रेस्टन शहरातली ‘डिक, केर लेडीज’ ही टीम एवढी गाजली की २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांच्या मॅचला ५३ हजार लोक आले. फुकट नाही, तिकीट काढून, आणि पैसा गेला चॅरिटीला. म्हणजे बाजार होता की! मग वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉलचा कारभार बघणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने ठरवलं की हा खेळ बायकांना शोभत नाही, आणि आपल्या क्लबांना त्यांना मैदानं द्यायला बंदी केली (चॅरिटीच्या हिशोबाबद्दल शंकाही काढली, ते वेगळंच). हे साधारण ५० वर्षं चाललं. तोवर या पोरी बागेत नाहीतर रग्बीच्या मैदानावर खेळत राहिल्या, आणि त्याच काळात पुरुषांच्या फुटबॉलला टीव्ही मिळाला, १९६६ चा वर्ल्डकप घरच्या मैदानावर मिळाला, बापाबरोबर मॅचला जाणाऱ्या पोरांच्या दोन पिढ्या मिळाल्या. हे सगळं तुमच्या हिशोबात कुठे धरलंय?