दोन मॅमरी की एक? चिठ्ठ्या टाकून आलेलं उत्तर मानायचं की सर्जनचं रजिस्टर?

चौकस_नाशिककर
सासऱ्यांची बायपास ठरलीये. वय ६३, शुगर पंधरा वर्षांची, पोट सुटलेलं, हृदयाच्या तिन्ही नळ्यांत ब्लॉक. पहिले सर्जन म्हणाले छातीच्या आतल्या दोन्ही मॅमरी धमन्या वापरू, आयुष्यभराची निश्चिंती. दुसरे म्हणाले डावी मॅमरी हृदयाच्या पुढच्या मोठ्या नळीला आणि बाकीच्यांना पायाची शीर, बास झालं. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो त्यामुळे घरच्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी आठवडाभर तेच वाचत बसलो.

तर माझं मत. २००१ साली ऑक्सफर्डच्या डेव्हिड टॅगर्टनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र केले. सगळे ऑब्झर्वेशनल, म्हणजे कुणाला दोन आणि कुणाला एक हे सर्जननीच ठरवलेलं, नंतर फक्त रजिस्टरमधून मोजलं. उत्तर आलं की दोन मॅमरीवाल्यांत मृत्यू साधारण एक पंचमांशाने कमी. एवढ्यावर कुणीही दोन मॅमरीचा झेंडा घेऊन फिरला असता, पण या माणसाने कुणाला दोन आणि कुणाला एक हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं ठरवलं. आर्ट नावाची ट्रायल, ७ देश (भारतही होता), २८ हॉस्पिटलं, ३१०२ पेशंट. दहा वर्षांचा निकाल २०१९ ला आला: दोन मॅमरी गटात मृत्यू २०.३ टक्के, एक मॅमरी गटात २१.२. म्हणजे फरक नाहीच म्हणा. उलट छातीच्या हाडाच्या जखमेचा त्रास ३.५ विरुद्ध १.९ टक्के. आता शुगरवाल्या, जाड माणसाला मी काय सांगू? मला वाटतं रजिस्टरवाले अभ्यास गुंडाळून ठेवावेत.

कोल्हापुरी_रस्सा
गुंडाळून ठेवा म्हणताय, मग ती डावी मॅमरी तरी का लावताय सासऱ्यांना? दोन्ही सर्जन ज्याबद्दल एकमत आहेत ती गोष्ट कुठल्या ट्रायलने सिद्ध केली सांगा बघू. १९८६ चा क्लीव्हलँड क्लिनिकचा पेपर, लूप आणि मंडळी, ५९३१ पेशंट, २३०६ जणांना मॅमरी, बाकीच्यांना नुसती शीर. तिन्ही नळ्यांच्या आजारात दहा वर्षांनी जिवंत ८२.६ टक्के विरुद्ध ७१. चिठ्ठी नाही, नाणं नाही, शुद्ध रजिस्टर. जगभरातली बायपास आज त्या एका रजिस्टरवर उभी आहे.

भूलतज्ज्ञ_ठाणे
कोल्हापुरी +१. मी रोज टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभी असते म्हणून दोन गोष्टी सांगते. आर्टमध्ये ज्यांच्या चिठ्ठीत दोन मॅमरी आल्या त्यातल्या जवळपास १४ टक्क्यांना प्रत्यक्षात एकच लागली. आणि ज्यांना एक यायला हवी होती त्यांच्यातल्या २१.८ टक्क्यांना हाताची रेडियल धमनी पण लावली, म्हणजे त्यांनाही दुसरी धमनी मिळालीच की. मग फरक दिसणार कसा? वरणात मीठ आणि आमटीतही मीठ, आणि विचारायचं कुठलं खारट.
दुसरं म्हणजे, उजवी मॅमरी काढणं हे हाताचं काम आहे. काही जण तासाभरात सुबक काढतात, काही जणांचा घाम आपल्याला दिसतो. ट्रायलमध्ये हे सगळे एकाच रकान्यात.

आकडेबाज
मॅडम, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण तो अर्धाच सांगितलात. त्याच आर्टमध्ये "प्रत्यक्षात ज्याला जे मिळालं" असं गट पाडून बघितलं तर दोन किंवा जास्त धमन्या मिळालेल्यांत मृत्यू पुन्हा साधारण एक पंचमांशाने कमी दिसतात. लोक नाचले त्यावर. पण असे गट पाडले की चिठ्ठीचा उपयोग संपतो, आपण परत रजिस्टरवर येतो! ज्याची चिठ्ठी दोनची होती पण टेबलावर एकच लावली, तो का? मॅमरी बारीक, फुफ्फुस खराब, बीपी पडत होतं, सर्जनला वाटलं लवकर आटपू. तो माणूस आधीच जास्त आजारी होता. त्याला "एक मॅमरी" गटात टाकला की तो गट आपोआप जास्त मरणार, मॅमरीचा संबंध नसला तरी.

आणि रजिस्टरवाल्यांची चोरी पकडायचा एक साधा मार्ग आहे. २०१८ मध्ये गॉडिनो आणि सहकाऱ्यांनी बघितलं की ऑब्झर्वेशनल अभ्यासांत दोन मॅमरीवाल्यांचा फायदा नेमका कधीपासून दिसतो. पहिल्या वर्षातच! आता विचार करा, पायाची शीर खराब होऊन जीव जाण्याएवढा फरक पडायला वर्षं लागतात. मग पहिल्याच वर्षी माणसं कशामुळे कमी मेली? कारण सर्जननी दोन मॅमरीसाठी मुळातच धडधाकट माणसं निवडली. तो डोळा रजिस्टरमध्ये लिहिला जात नाही. वय, शुगर, किडनी लिहितात, पण "हा जिना चढून आला आणि हा व्हीलचेअरवर" हे कोण लिहितं.

कोल्हापुरी_रस्सा
पण पायाची शीर पहिल्या वर्षात बंद पडतेच की काही जणांची, त्यात नवीन काय? तुम्ही म्हणता तसं दहा वर्षं थांबत नाही ती.

आकडेबाज
पडते, नाकारत नाहीये. पण बघा, दोन्ही गटांत पुढच्या मोठ्या नळीला डावी मॅमरी आहेच. जीव प्रामुख्याने त्या नळीवर आहे. बाजूची एखादी शीर बंद पडली तर छातीत दुखेल, परत अँजिओ होईल, पण पहिल्या वर्षात मृत्यूंत एवढा फरक? नाही पटत.
हेच तुमच्या लूपला लावा. तिथे एका गटात पुढच्या नळीला मॅमरी आणि दुसऱ्यात शीर, म्हणजे फरक सगळ्यात महत्त्वाच्या जागी, आणि दहा वर्षांनी अँजिओ केली तर मॅमरी दहातल्या नऊ उघड्या आणि शिरा निम्म्या गेलेल्या. कारण दिसतंय, परिणाम दिसतोय, आकडा मोठा आहे. म्हणून ते रजिस्टर मी मानतो आणि दुसऱ्या मॅमरीचं मानत नाही. सगळी रजिस्टरं एका मापाने मोजू नका एवढंच.

फुकट_सल्लागार
पॅराशूटची पण ट्रायल झालीये बरं का, २०१८ मध्ये. २३ जणांना चिठ्ठी टाकून पॅराशूट नाहीतर रिकामी पिशवी देऊन विमानातून उडी मारायला लावली, काहीही फरक नाही पडला. फक्त विमान जमिनीवर उभं होतं 😀

भूलतज्ज्ञ_ठाणे
हसू नका, माझा मुद्दा तोच आहे! ट्रायलमध्ये घेतात कुणाला? ज्याच्याबद्दल सर्जनला स्वतःलाच शंका आहे त्याला. ज्याला दोनच हव्यात किंवा एकच हवी हे त्याला ठामपणे दिसतं तो चिठ्ठीपर्यंत येतच नाही.
आणि हाताचं म्हणाल तर धडधडत्या हृदयावरच्या बायपासचं बघा. आपल्याकडे हार्ट-लंग मशीन न लावता बायपास करणं रोजचं आहे, मनमोहन सिंगांची २००९ मध्ये तशीच झाली, मुंबईहून सर्जन रमाकांत पांडा गेले होते दिल्लीला. आता अमेरिकेतल्या रूबी ट्रायलमध्ये पाच वर्षांनी मशीन न लावलेल्यांत मृत्यू १५.२ टक्के, मशीनवाल्यांत ११.९. वाचून घाबरायला होतं ना? पण तिथे सर्जनला अशा फक्त २० केसेसचा अनुभव असला तरी चालत होता. कोरोनरी नावाच्या ट्रायलमध्ये, ज्यात भारतातलेही पेशंट होते, १०० च्या वर केसेस केलेलेच घेतले, ४७५२ पेशंट, पाच वर्षांनी फरक नाही. प्रश्न एकच, चिठ्ठ्या दोन्हीकडे, उत्तर वेगळं. मग चिठ्ठीने नक्की काय सिद्ध केलं, ऑपरेशन की ऑपरेशन करणारा?

आकडेबाज
हे मान्य. हात बदलला की ऑपरेशन बदलतं, गोळीसारखं नाही ते. पण मग त्याच न्यायाने रजिस्टरमधला आकडा पण क्लीव्हलँडच्या हाताचा, नाशिकच्या नाही.

जुनी_पेठ
एक जुनी गोष्ट, चिठ्ठीवाले आणि रजिस्टरवाले दोघांनाही न आवडणारी. सत्तरच्या दशकात अमेरिकेत कॅस ट्रायल झाली, बायपास की गोळ्या. ७८० जणांच्या चिठ्ठ्या टाकल्या. पण १३०० च्या वर लोक असे होते की जे ट्रायलला पात्र होते पण चिठ्ठी नको म्हणाले, त्यांनाही त्यांनी तसंच मोजत ठेवलं. जगण्यामरण्याचे आकडे दोन्हीकडे जवळपास सारखे आले! म्हणजे माणसं खरंच सारखी निवडली तर रजिस्टर खोटं बोलत नाही. भांडण चिठ्ठीचं कमी आणि "सारखी माणसं" या शब्दांचं जास्त आहे. चहा झाला, निघतो.

चौकस_नाशिककर
सगळ्यांचं वाचलं, मधे तीन दिवस हॉस्पिटलच्या चकरा. अपडेट देतो.
लूपच्या बाबतीत मी हरलो. दुसऱ्या मॅमरीवर मात्र ठाम आहे, आणि भूलतज्ज्ञ मॅडमच्या पोस्टमुळे रेडियल शोधली. त्यात सहा ट्रायली एकत्र केल्यात, १०३६ पेशंट, सगळे चिठ्ठीवाले, पाच वर्षांनी मृत्यू, अटॅक आणि परत करावी लागलेली प्रोसिजर मिळून रेडियलवाल्यांत साधारण एक तृतीयांशाने कमी, पायाच्या शिरेच्या तुलनेत. (नुसते मृत्यू धरले तर तिथे फरक सिद्ध नाही, हे मीच सांगतो, आकडेबाजने सांगायच्या आत.) छातीच्या हाडाला धक्का नाही, शुगरवाल्याला बरं. अँजिओ उजव्या मनगटातून झालेली, डावा हात शाबूत. सर्जननी मनगट दाबून हात पांढरा होऊन परत लाल होतो का बघितलं, मग सोनोग्राफी, धमनी चांगली निघाली. डावी मॅमरी, डावी रेडियल आणि एक शीर, असं ठरलंय, गुरुवारी.

मी दुसऱ्या सर्जनना विचारलं, तुम्ही स्वतः गेल्या वर्षी रेडियल किती काढल्या आणि किती जणांना त्रास झाला? मला वाटलं चिडतील. त्यांनी ड्रॉवरमधून जाड वही काढली, कव्हर फाटलेलं, पेनाने आखलेले रकाने, आणि माझ्यापुढे सरकवली. तासभर बसून बघितली.

कोल्हापुरी_रस्सा
म्हणजे शेवटी रजिस्टरच बघितलंत ना!! गुरुवारी कळवा, सासऱ्यांना शुभेच्छा.

चौकस_नाशिककर
🙏 हो. आणि त्यात व्हीलचेअरचा रकाना नव्हता, ते पण विचारलं. म्हणाले, "ते माझ्या लक्षात असतं."