घरपट्टी एप्रिलमध्येच आणि ऑनलाइनच भरावी का?

टिळकवाडीकर

एप्रिल निम्मा सरला तरी आमच्या गल्लीतील बहुतेकांची घरपट्टी भरायची राहिली आहे, आणि विचारले तर "जूनपर्यंत वेळ आहे की" हेच उत्तर मिळते. आपल्या बेळगावसारख्या कर्नाटकातील महापालिकांत वर्षाची घरपट्टी एप्रिलमध्ये भरल्यास ५ टक्के सूट मिळते. मे आणि जूनमध्ये सूटही नाही आणि दंडही नाही. जुलैपासून मात्र दरमहा २ टक्के दंड चढत जातो. सहा हजारांच्या घरपट्टीवर आज ३०० रुपये वाचतात, आणि तीच रक्कम पुढच्या मार्चपर्यंत लांबवली तर नऊ महिन्यांचे १,०८० रुपये जादा जातात. पीआयडी, म्हणजे मालमत्तेचा ओळख क्रमांक हाताशी असला की घरबसल्या चलन निघते आणि यूपीआयने लगेच पैसे भरता येतात. ज्या घरात एक तरी स्मार्टफोन आहे, त्या घराने याच महिन्यात आणि ऑनलाइनच भरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहापूरकर

वेळेवर भरण्याला माझा विरोध नाही; आमच्या वडिलांनी मागावर बसून पै-पै जोडली, पण घरपट्टी कधी थकवली नाही. विरोध आहे तो "ऑनलाइनच" या आग्रहाला. आपल्याकडील घरपट्टी स्वयंघोषित पद्धतीची आहे, म्हणजे क्षेत्रफळ किती, बांधकाम कोणत्या प्रकारचे, वापर राहण्यासाठी की धंद्यासाठी, हे सारे मालकाने स्वतः लिहून द्यायचे आणि ते खरे असल्याची हमीही स्वतःच घ्यायची. पोर्टल कन्नड आणि इंग्रजीत, चलन कन्नडमध्ये, आणि मालक मराठी शाळेत शिकलेला. दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या एका कॉम्प्युटर सेंटरमधील मुलाने आमच्या कौलारू घराचे बांधकाम आरसीसी म्हणून भरले आणि मागच्या खोलीतील बंद पडलेल्या मागामुळे ती जागा धंद्याची दाखवली. रक्कम का वाढली हे शोधण्यात आमचा पूर्ण पावसाळा गेला. जे मला वाचता येत नाही, त्याला माझी स्वयंघोषणा कशी म्हणायची?

अनगोळकर

शहापूरकर काका, आपल्या त्रासाबद्दल वाईट वाटते, परंतु ती चूक ऑनलाइन पद्धतीची नव्हे, न तपासता पैसे भरण्याची आहे. हाताने लिहिलेल्या अर्जांच्या काळातही आपण दुसऱ्याकडूनच अर्ज भरून घेत होतो आणि तेव्हाही चुका होत होत्या. फरक इतकाच की तेव्हा त्या सापडत नव्हत्या. आज फोनचा कॅमेरा कन्नड मजकुरावर धरला तर ढोबळ भाषांतर दिसते. शिवाय खरे सांगायचे तर तेरिगे (कर), खाते (मालमत्तेची नोंद), मालकाचे नाव, एकूण रक्कम एवढे दहा-बारा शब्द ओळखता येण्याइतके कन्नड या मातीत जन्म काढलेल्या माणसाला जड जाऊ नये. भाषेचा हक्क मोलाचा आहे, तो मागितलाच पाहिजे. परंतु तो घरपट्टीच्या पावतीला बांधला तर दंड आपल्यालाच बसतो, ज्याच्याकडे मागणी करायची त्याला नाही.

येळ्ळूरकर

आपण सारे शहरवासी आहात म्हणून चर्चा चलनाभोवती फिरते आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत मूळ दुखणे नावाचे आहे. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन पंधरा वर्षे झाली, चुलते तीन, आणि वारसा लावायचा विषय निघाला की प्रत्येकाला शेतातले काम आठवते. पट्टी दरवर्षी आजोबांच्या नावाने भरली जाते, पावतीही त्यांच्याच नावाची निघते. घरपट्टी भरल्याने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तरी कर्ज काढायला गेले की बँक आधी पावतीच मागते, आणि विक्री करायची तर ई-स्वत्तू या ग्रामपंचायत मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदवहीतील नमुना ९ आणि ११ या उताऱ्यांशिवाय नोंदणीचे पाऊल पुढे पडत नाही. त्यामुळे ऑनलाइन की रांगेत, हा प्रश्न आमच्याकडे नंतरचा आहे. आधी उतारा जिवंत माणसाच्या नावावर आणा.

कॅम्पवाला

दोनच गोष्टी सांगतो. कॅन्टोन्मेंटमध्ये राहणाऱ्यांनी महापालिकेच्या पोर्टलवर आपले घर शोधत बसू नये. छावणी मंडळाचा कर २०२१पासून ई-छावणी पोर्टलवर भरता येतो. दुसरे, खात्यातून पैसे गेले पण समोर जमा झाले नाहीत, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार असा यूपीआय व्यवहार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप उलटला पाहिजे आणि त्यापुढे उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाई देय आहे. मी घाईने दोनदा भरले होते; पैसे परत मिळाले, पण महिनाभर झोप गेली.

शहापूरकर

अनगोळकर, कन्नड शिकण्यास माझी ना नाही, बाजारात मी ते रोज बोलतो. परंतु बोलणे वेगळे आणि हमीपत्राखाली सही करणे वेगळे. जिथे भाषिक अल्पसंख्याकांची लोकसंख्या १५ टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे १९६१च्या मुख्यमंत्री परिषदेत सर्व राज्यांनी मान्य केलेले तत्त्व आहे. मी कर रोखा असे कुठेही म्हटलेले नाही. चलनाच्या मागच्या बाजूला रकान्यांची नावे मराठीत छापली तर महापालिकेचेच काम हलके होईल, चुका कमी येतील, इतकेच माझे म्हणणे आहे. त्याच चलनात घरपट्टीवर ग्रंथालय उपकर म्हणून ६ टक्के आणि भिक्षुक (भिकाऱ्यांसाठीचा) उपकर म्हणून ३ टक्के जादा घेतले जातात, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला स्वतःला ते साठी ओलांडल्यावर कळले, आणि मी आयुष्यभर वाचनालयाची वर्गणी वेगळी भरत आलो.

टिळकवाडीकर

उपकरांकडे मीही कधी लक्ष दिले नव्हते, फक्त शेवटची रक्कम पाहून पैसे भरत आलो. शहापूरकर काकांचा स्वयंघोषणेचा मुद्दा मला टाळता येत नाही. त्यामुळे शीर्षकातील दुसरा "च" मी मागे घेतो. ज्यांना पडद्यावर विश्वास वाटत नाही त्यांनी 'बेळगाव वन' (Belgaum One) या नागरी सेवा केंद्रात जाऊन भरावे, मात्र पैसे देण्याआधी बांधकामाचा प्रकार आणि वापर हे दोन रकाने कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावेत, आणि गेल्या वर्षीची पावती शेजारी ठेवूनच. अनगोळकरांना एक विनंती आहे: ते दहा-बारा कन्नड शब्द मराठी अर्थासह इथेच लिहून टाका.

अनगोळकर

आज रात्री लिहितो. बांधकामाच्या प्रकारांची नावे बरोबर आहेत ना, हे काकांनी आपल्या चलनावरून ताडून पाहावे.

शहापूरकर

पाहतो. पहिल्या "च"बद्दल आपले भांडण कधी नव्हतेच. ३० तारखेच्या आत भरणार आहे, पण खिडकीवर जाऊन.